दारातला उजेड

एकदा एका वृद्ध फोटोमास्तरांकडे सुमेध नावाचा तरुण शिकायला राहिला. मास्तरांची एक सवय त्याला भारी विचित्र वाटे. कुणाचाही फोटो काढण्याआधी ते त्या माणसाच्या चेहऱ्याजवळ स्वतःचा तळहात धरत, कॅमेऱ्याच्या मधल्या ठिपक्यातून तेवढ्याच हातावरचा उजेड मोजत आणि तेच माप कायम ठेवून पुढचे सगळे फोटो काढत. नवा कॅमेरा अख्ख्या चौकटीतला उजेड आपणहून मोजतो, सरासरी काढतो, मग हा खटाटोप कशाला? "मास्तर कॅमेऱ्याला हात दाखवून भविष्य विचारतात," असं सुमेध मित्रांना हसत सांगे.

पुढे एका साखरपुड्याला तो एकटाच गेला. नवरीची आई फार आजारी होती. म्हणूनच सगळं घाईने उरकलं जात होतं. अंगणाच्या उघड्या दारात, टळटळीत उन्हाकडे पाठ करून, ती लेकीची दृष्ट काढायला उभी राहिली. सुमेधने कॅमेरा उचलला तशी ती संकोचली.

"माझा कशाला, बाबा? लेकीचा काढ."

जन्मभर ती हेच म्हणत आली होती. घरात तिचा धड एक फोटो नव्हता. सुमेधने सरासरीच्या भरवशावर बटण दाबलं आणि फोटो कसा आला हे न बघताच तो पुढच्या पाहुण्यांकडे वळला.

महिन्याच्या आत ती गेली. मुलगी स्टुडिओत आली. म्हणाली, "भिंतीवर लावायला आईचा फोटो हवाय."

सुमेधने त्या दिवसाचे फोटो उघडले. एकासारखा दुसरा फोटो नव्हता. काळे कोट चौकटीत आले तिथे चेहरे पांढरेफटक, ऊन आलं तिथे काळवंडलेले. दृष्ट काढतानाच्या फोटोत अंगणातली तुळस पानापानासकट दिसत होती आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार होता. त्याने संगणकावर तो उजळून पाहिला, तर राखेसारखे ठिपके वर आले. डोळे काही आले नाहीत.

मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "पदर ओळखू येतोय तिचा. हाच द्या," एवढंच म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं सुमेधला वाटलं.

मुलगी फोटो घेऊन निघाल्यावर तो मास्तरांसमोर बसला. "मास्तर, माझ्या हातून त्या माउलीचा चेहरा पुसला गेला."

मास्तरांनी खणातून एक जुना फोटो काढून त्याच्या हाती दिला. नदीचं पाणी उन्हात चमचमत होतं, आणि काठावर एका बाईची काळी आकृती.

"ही आमची मंडळी," मास्तर म्हणाले. "पाणी बघ किती सुरेख आलंय. पुढच्याच वर्षी ती गेली. कॅमेऱ्याला दोष देऊ नकोस, पोरा. त्याला सगळं सारखंच. दार काय, नदी काय, आई काय. जे जास्त चमकतं त्याच्याकडे त्याचं माप झुकतं. यातलं आपलं माणूस कोणतं, हे आपण सांगायचं असतं. तेवढं एकदा ठरलं की मागे ऊन येवो नाहीतर काळोख, चेहरा ढळत नाही. मी हे शिकलो, पण ती गेल्यावर."

सुमेधने तो फोटो दोन्ही हातांनी परत केला.

पुढच्या लग्नसराईत एका मांडवात नवरीची आई घाईघाईने चौकटीबाहेर सरकू लागली. "माझा कशाला?" ती म्हणाली.

सुमेधने तिच्या चेहऱ्याजवळ आपला तळहात धरला. त्यावरचा उजेड मोजला.

"आधी तुमचाच, काकू," तो म्हणाला.