कासवाची मान

फार जुन्या काळातली वैशाख पंचमी. सकाळपासून गरम वारा सुटला होता, आभाळात एकही ढग नव्हता. रानाची पाणी समिती डोहाकाठी बसली होती. तिथे ठराव एकमतानेच होत, आणि जो गप्प राहील त्याचा होकार धरला जाई.

अध्यक्ष गव्याने ठराव मांडला, "डोह खुरवाल्यांसाठी राखावा. मासे, बेडूक, कासवं यांनी शेजारच्या डबक्यात जावं."

"डबकं या महिन्यातच आटेल," कासव म्हणालं. "मग आमची पिल्लं कुठं जातील?"

गव्याने खूर आपटला. दर बैठकीत असंच होई. कासव प्रश्न विचारी, गवा खूर आपटी, कासव मान आत घेई, आणि चिटणीस कावळा 'एकमताने मंजूर' असं ओरडे.

आज कासवाने मान बाहेरच ठेवली.

"कासवराव, ऊन लागेल हो, घरात जा!" रानडुक्कर खिदळलं.

"लागू दे."

गवा अगदी जवळ आला. "मान सांभाळ."

"आजवर तेच केलं. मान आत गेली की माझं मत तुमचं होतं. माझा विरोध आहे. संध्याकाळी विचारलंत तरी विरोधच असेल."

गव्याने खूर कासवाच्या मानेवर उगारला. मान हलली नाही. सगळी समिती बघत होती. शेवटी त्याने खूर बाजूला टेकवला.

ऊन कलेपर्यंत कावळा पुन्हा पुन्हा विचारत राहिला आणि कासव उत्तर देत राहिलं. मग कावळ्याने निकाल पुकारला. बाजूने सहा, विरोधात एक. ठराव नामंजूर.