न बोलावलेले नऊ जण

समुद्रकाठच्या एका गावात एकदा एक निवृत्त शिक्षक राहत असत. तारी मास्तर त्यांचे नाव. होडीवाल्यांच्या घरात जन्मल्यामुळे वारा, भरती, जाळी आणि मासळी यांचे हजारो शब्द त्यांच्या मुखी होते, आणि त्यांतले निम्मे कोणत्याही पुस्तकात सापडत नसत. एका संशोधन संस्थेने त्या शब्दांचा कोश करायचे ठरवले व शाल्मली नावाच्या तरुण संशोधिकेला त्यांच्याकडे धाडले. मास्तर सांगत, ती संगणकावर टिपून घेई. थोड्याच दिवसांत ती स्वतःला त्यांची शिष्या म्हणवू लागली.

मास्तरांचे वय ब्याऐंशी, छाती दम्याने जर्जर झालेली. सकाळी जेमतेम तासभर आवाज साथ देई. पुढे नुसता खोकला. आणि त्या तासातली वीस मिनिटे शाल्मलीचा संगणक खाऊन टाकी. कळ दाबताच एकेक प्रोग्राम आपणहून जागा होई. कार्यालयाची हजेरी, कार्यालयाचे निरोप, बैठका, गाणी, बातम्या, कधीतरी आणलेल्या प्रिंटरचा कुणी मदतनीस... पडदा गोठून जाई. शाल्मली ओशाळून म्हणे, "थोडं थांबा हं मास्तर, जुना झालाय तो."

एके सकाळी मास्तरांनी स्वयंपाकघराकडे पाहून हाक दिली, "सूनबाई, आज नऊ कप चहा टाक."

चहा आला. मास्तरांनी ते नऊही कप संगणकाभोवती ओळीने मांडले.

"कोण येणार आहे, मास्तर?" शाल्मलीने विचारले.

"आले की! पडद्याच्या कोपऱ्यात बघ, नऊ चिन्हं आहेत. रोज माझ्या आधी येऊन बसतात. आधी पाहुण्यांचं होऊ दे, मग माझं."

एवढे बोलून त्यांनी तोंड मिटले. संगणक सुरळीत झाला, तरी ते बोलेनात. चहावर साय धरली. शाल्मलीने विनवले, मग ती चिडली. तास उलटला आणि मास्तरांना खोकल्याची उबळ आली.

"अख्खा दिवस फुकट गेला!" तिच्या डोळ्यांत पाणी तरळले. "आजचे शब्द गेले, मास्तर!"

मास्तर घोगऱ्या स्वरात म्हणाले, "दर तीन दिवसांनी एवढाच तास जातो, बाय. थोडा थोडा जातो म्हणून तुला दिसत नव्हता. आज एकदम गेला, म्हणून रडू आलं. यांतलं वाईट कोणीच नाही. पण कामाला हाक मारल्यावर येणं निराळं, आणि दार उघडायच्या आत उंबऱ्यावर ठाण मांडणं निराळं. दिवसाची पहिली घटका ज्याच्या हाती, दिवस त्याचा. यांतल्या किती जणांना तू बोलावलं होतंस?"

शाल्मलीने नऊही चिन्हांवरून नजर फिरवली. "एकालाही नाही. ते विचारत गेले, मी न वाचता 'हो' म्हणत गेले."

"मग हाकलू नकोस कुणाला. बोलावीन तेव्हा या, एवढंच सांग."

तिने आपोआप सुरू होणाऱ्यांची यादी उघडली आणि एकेकाला बंद करीत गेली. विषाणूंपासून राखण करणारा प्रोग्राम तेवढा राहू दिला. राखणदार दाराशी हवाच. हजेरीपाशी मात्र तिचे बोट अडखळले.

"हा संस्थेचा नियम आहे, मास्तर."

"नोकरी तुझी, यंत्रही तुझं. ते तू ठरव."

तिने तोही बंद केला.

दुसऱ्या दिवशी मिनिटभरात कोरे पान समोर आले. मास्तरांनी जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यापासून सुरुवात केली आणि कमी चढणाऱ्या भांगाच्या भरतीपर्यंत ते न थांबता सांगत गेले. तास भरत आला तोच फोन वाजला. संस्थेचे व्यवस्थापक गुप्ते बोलत होते.

"शाल्मलीताई, आज तुमची हजेरी लागली नाही. यंत्र सुरू होताच ती सुरू झालीच पाहिजे."

"सर, मी ती बंद केली आहे."

"कुणाच्या परवानगीने?"

"माझ्या. मास्तरांजवळ दिवसाचा एक तास आहे. तो हजेरीला दिला तर हजेरी भरेल, कोश भरणार नाही. पानं रोज पाठवते, ती मोजा."

"मग रोज गैरहजेरी लागेल. प्रकरण वरपर्यंत जाईल."

"जाऊ द्या, सर. गैरहजर लिहा."

तिने फोन बाजूला ठेवून मास्तरांकडे पाहिले. ते पुढचा शब्द सांगू लागले.

गुप्त्यांनी दोनदा खुलासा मागवला. दोन्ही वेळा तिने हेच उत्तर लिहिले, एक अक्षरही न बदलता. संस्थेच्या नोंदवहीत कोशाच्या शेवटच्या सात महिन्यांत तिच्या नावापुढे रोज 'गैरहजर' असेच आहे. त्याच सात महिन्यांत कोश 'ह'पर्यंत पोचून पुरा झाला.

घर आपले असेल, तर सकाळी आधी कोणी आत यावे हेही आपणच ठरवावे.