बिनदाराचा वर्ग

पाहुणे, ही चौकट नीट पाहा. बिजागऱ्या आहेत, दार नाही. बघणाऱ्याला वाटतं, चोरीला गेलं असेल. सरकारी विद्यापीठ आहे, तसं वाटण्यात तुमची काही चूक नाही. पण हे दार एका मास्तरांनी स्वतःच्या हातांनी उतरवलं, असं इथली जुनी माणसं सांगतात.

निंभोरकर सर त्यांचं नाव. माणूस मनाने वाईट नव्हता म्हणे. इंग्रजी येत नाही म्हणून तरुणपणी त्यांनी ठिकठिकाणी अपमान गिळले होते. आपल्या पोरांवर ती वेळ येऊ नये, म्हणून त्यांचा नियम होता: वर्गात यायचं तर आधी इंग्रजीत परवानगी मागायची.

एका साली डोंगरातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरून तानू टेकाम शिकायला आली. त्या वस्तीतून विद्यापीठाची पायरी चढलेली ती पहिलीच. पहिल्या दिवशी दारात उभी राहून तिने जमतील तसे ते शब्द म्हटले आणि अख्खा वर्ग हसला. सर म्हणाले, "नीट पाठ कर, मग ये." हसणाऱ्यांना मात्र ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर दाराशी आली की तिची वाचाच बसायची. बाहेर व्हरांड्यात बसून ती भिंतीआडून शिकवणं ऐकायची. सरांना ते ठाऊक होतं. आज ना उद्या धीर करून विचारेल, असं ते म्हणत राहिले.

पावसाळ्यात व्हरांडा रिकामा दिसू लागला. तानू तापाने घरी गेल्याचं कळलं, तेव्हा सर पोडावर गेले. पोरगी आदल्याच आठवड्यात तापाने दगावली होती. तिची आई अंगणात बसली होती.

"तापात एकच बोलत होती जी," ती म्हणाली. "मे आय कम इन, मे आय कम इन. आमाले काई समजलं नाई. पानी मांगते वाटलं. आमी पानीच पाजत रायलो. काय मांगत होती, सर?"

सर तिथेच मातीत बसून रडले.

परत आल्यावर त्यांनी दार उतरवलं. निवृत्त होईपर्यंत शिकवायला लागण्याआधी ते चौकटीत जायचे आणि रिकाम्या व्हरांड्याकडे बघून म्हणायचे, "ये बाई, आत ये."

आजही इथे कुणी परवानगी मागत नाही. नवी पोरं सवयीने उंबऱ्यावर अडखळली, की सगळा वर्ग त्यांना आपापल्या बोलीत आत बोलावतो. आणि शिकवणारा कुणीही असो, आधी चौकटीशी जाऊन बाहेर तीच हाक घालतो. मग सगळे जरा वेळ थांबतात. कुणी येत नाही. मग तास सुरू होतो.