झितरूची तांबू आणि रानातलं गवत

रानाला लागून असलेल्या एका गावात झितरू नावाचा म्हातारा गुराखी राहत होता. गावची सगळी गुरं तोच चारायचा. प्रत्येक गाय त्याला नावानिशी ठाऊक होती. नातवंडांची नावं मात्र तो हमखास चुकवायचा.

त्या रानात पूर्वी मुबलक गवत होतं, चितळांचे कळप होते. पुढे घाणेरीचं परकं झुडूप माजलं आणि त्याखाली गवत मेलं. गवत गेलं तशी चितळंही गेली. उपाशी वाघ मग घाणेरीत दडून बसू लागला आणि चरायला आलेल्या गाईंवर झडप घालू लागला. एका वर्षात पाच गाई गेल्या. दर गाईमागे झितरू दोन दोन दिवस जेवला नाही.

लोक चिडले. वाघाला विष घालायचं म्हणू लागले.

झितरू म्हणाला, "वाघाले जहर देता, मंग घाणेरीले काय देता?"

बोलणं गावाला पटलं. सगळे कोयते घेऊन निघाले आणि चार दिवसांत घाणेरी छाटून आले. पावसाळ्यात ती दुप्पट फुटली! मग शहाणे होऊन त्यांनी कुदळी उचलल्या आणि ती मुळासकट खणून काढली. बायकांनी बांधांवरून मारवेल आणि पवन्या गवताचं बी पदरात गोळा करून आणलं, रानात पेरलं. तीन वर्षं तिथे एकही जनावर चरायला सोडायचं नाही, असं ठरलं. राखण झितरूकडे आली.

तिसऱ्या उन्हाळ्यात रानात कमरेएवढं गवत उभं होतं आणि गावात चाऱ्याची काडी नव्हती. झितरूची स्वतःची गाय, तांबू, गाभण होती. तिच्या बरगड्या दिसू लागल्या.

त्याची बायको बायजा म्हणाली, "अवो, एक भारा आना ना कापून. कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो ना," झितरू म्हणाला.

बोलला खरा, पण तांबूच्या डोळ्यांकडे बघवेना. शेवटी तो घरावर चढला, छपराचं गवत उपसलं आणि तिच्यापुढे टाकलं. बायजाने कपाळावर हात मारला, आणि वरून आणखी दोन पेंढ्या ओढून दिल्या.

एका सकाळी तांबू दावं तोडून थेट रानात शिरली. झितरू धापा टाकत मागे धावला. ओढ्याशी पोहोचला आणि जागीच थिजला. पलीकडे वाघ उभा होता, अलीकडे तांबू.

वाघाच्या पायाशी नुकतंच मारलेलं चितळ होतं. त्याने तांबूकडे एकवार पाहिलं, चितळ जबड्यात धरलं आणि ते ओढत उंच गवतात निघून गेला.

झितरूने तांबूच्या गळ्याला मिठी मारली. "भवाने, जीव घेतला असता ना माहा!" म्हणत तो रडला, हसला आणि वाघ गेला त्या गवताकडे बघून त्याने हात जोडले. तांबू मात्र शांतपणे त्याच्या धोतराचा सोगा चघळत होती.

तात्पर्य: वाघाला त्याचं रान परत दिलं, तर आपली गाय आपल्याजवळ राहते, पण ते देताना स्वतःच्या पोटाला चिमटा काढावा लागतो.