आधी शिळं

त्या राज्यात बारा महिने थंडी असे, आणि थंडीमुळे कुणालाच कुणाचा वास येत नसे. राज्यात शांतता होती ती एवढ्याचमुळे.

वरच्या फळीवर खरवसमहाराज विराजमान होते. कायदा एका ओळीचा होता: आधी शिळं संपेल, मग ताज्याची पाळी. महाराज सर्वांत शिळे, म्हणून पहिला मान त्यांचा. पण त्यांना कुणी खायला घेत नव्हतं, म्हणून ते संपत नव्हते. आणि संपत नव्हते म्हणून राज्य करत होते.

शेवयांची खीर आली तेव्हा कोमट होती. खिरीचं आयुष्य ते केवढं, दोन दिवसांचं. तेवढ्यात कुणाच्या तरी पोटात जावं, एवढीच तिची इच्छा. तिला महाराजांच्या खालची फळी मिळाली. दुसऱ्या दिवशी तिनं वर पाहिलं, तर महाराजांना पाणी सुटलेलं आणि अंगावर बुळबुळीत तकाकी.

"काकू," ती शेजारच्या लोणच्याच्या बरणीला हळूच म्हणाली, "महाराज नासलेत हो."

"नासलेत काय म्हणतेस? मुरलेत म्हणावं. मी नाही का चार वर्षं मुरतेय?"

"पण ते संपेपर्यंत माझं काय होईल?"

"गप्प बस बाई. बोललीस तर पहिली फेकली जाशील ती तूच."

खीर घाबरली. उद्या बोलू, जरा धीर आला की, असं तिनं ठरवलं. तोवर थंडी तिच्या कडेनं आत शिरत होती. तिसऱ्या दिवशी थंडी मधोमध पोचली आणि खिरीची भीतीही गेली. चौथ्या दिवशी महाराजांवर नव्यानं केशर शिंपडलं गेलं, तेव्हा सगळ्यांबरोबर खीरही "वा, वा" म्हणाली. वाईट वाटायला हवं होतं, पण तिला काहीच वाटलं नाही.

मग एका सकाळी दार उघडलं. एका हातानं खिरीची वाटी उचलली. महाराज जागचे हलले नाहीत. पाळी आली म्हणायची, खिरीला वाटलं. वाटी मागच्या दाराशी उन्हात ठेवली गेली. अंगातली थंडी हळूहळू उतरली आणि कुठूनसा आंबूस वास येऊ लागला. महाराजांचाच असणार, म्हणून तिनं मागं पाहिलं. दार केव्हाच बंद झालं होतं.

मांजर आलं. त्यानं वाटीत नाक घातलं, मागं सरलं, आणि वाटीभोवतीची फरशी पंजानं खरवडू लागलं, घाणीवर माती ओढावी तसं.