येसाईच्या अपुऱ्या धाबळीची कहाणी

ऐक सुताई, तुझी कहाणी. आम्ही सांगतो, तू हुंकार दे.

एक होतं आटपाट गाव. गावाला वेस होती, वेशीत विहीर होती, आणि घरोघर माग होता. त्या गावात येसाई नावाची बाई राही. तिचा हात असा, की खरबरीत लोकरसुद्धा तिच्याकडे आली की मऊ होई. माग तिला येई, सुया तिला येत, दोऱ्याची जाळी तिला येई. एक मात्र येत नसे. काय येत नसे? हातातलं काम संपवणं. हसू नका बायांनो, तुमच्या टोपल्या मी पाहिल्यात.

येसाईला एकुलती एक लेक. चिमा तिचं नाव. चिमा मोठी झाली, लग्न झालं, घाटापलीकडे सासरी गेली. त्या कुळाची एक रीत होती. घाटात थंडी फार, म्हणून आईनं आपल्या हातानं लेकीला लोकरीची धाबळी विणावी, चांगली अंगभर पांघरायची. माहेरच्या मुराळ्यानं ती घेऊन लेकीला न्यायला यावं. ती पांघरून सुनेनं माहेरी जावं. धाबळी आली नाही, तर सुनेनं वेस ओलांडायची नाही. सासू काही वाईट नव्हती, पण रीत म्हणजे रीत. लग्नातच तिनं येसाईचा हात धरून सांगितलं, "विहीणबाई, धाबळी पाठवा आणि लेक घेऊन जा. मी एक दिवस अडवायची नाही."

लेक गेली, घर ओकंबोकं झालं. येसाईनं डोळे पुसले, मागावर मोरपंखी लोकर चढवली, धोटा टाकला, धाबळी सुरू केली. वीतभर विणली, तों संक्रांत आली. चिमाला पिवळा रंग भारी आवडे. येसाईला हुंदका आला. मग तिनं काय केलं? धाबळी तशीच सोडली, दुसरा माग मांडला, पिवळा खण सुरू केला. चार बोटं विणला, तों शेजारणीची लेक माहेरी आली, पाय गारठले म्हणाली. येसाईच्या मनात आलं, माझ्या चिमाचेही पाय गार पडत असतील! मग खण सोडला, सुया घेतल्या, मोजे सुरू केले. एक मोजा टाचेपर्यंत आला, तों आणखी काही आठवलं. असं चाललं. आठवण आली की नवा धागा. नवा धागा धरला की जीव घटकाभर निवे. निवला की पुन्हा तुटू लागे. मग आणखी एक नवा धागा.

घरात पाय ठेवायला जागा उरेना. नवरा उंबऱ्यात बसून जेवी. तो म्हणे, "अगं, एक तरी पुरं कर. मी पोरीला आणायला जाऊ कधी?" ती म्हणे, "अहो, हे सगळं तिच्यासाठीच ना? दुसऱ्या कुणासाठी करते का मी?" ते खरंच होतं. म्हणून तो आपला पुढं जेवू लागे.

घाटापलीकडून एक कासारीण येई. इकडे बांगड्या भरी, तिकडे बांगड्या भरी, दोन्हीकडचे निरोप नेई. पहिल्या वर्षी ती आली, म्हणाली, "येसाबाई, चिमानं विचारलंय. दिवाळीला साऱ्या जावांच्या धाबळ्या आल्या, साऱ्या जावा माहेरी गेल्या. माझी धाबळी झाली का?" येसाई म्हणाली, "होत आली, होत आली म्हणून सांग." आणि लेकीच्या निरोपानं तिचं काळीज इतकं हललं, की तिनं त्याच दुपारी जाळीचा रुमाल सुरू केला.

दुसऱ्या वर्षी कासारीण आली, म्हणाली, "येसाबाई, गोड बातमी आहे. चिमाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आस लावून बसलीय. रोज दळण झालं की घाटाकडे तोंड करून उभी राहते. धाबळी झाली का?" येसाई म्हणाली, "होत आली, होत आली म्हणून सांग." ती आनंदानं रडली. रडत रडत टोपडं सुरू केलं, कुंची सुरू केली, दुपटं सुरू केलं. धाबळी होती तिथंच राहिली. चिमा सासरीच बाळंत झाली. मुलगी झाली. आई जवळ नव्हती.

तिसऱ्या वर्षी कासारीण आली. बांगड्या भरल्या, पाणी प्याली, गाठोडं बांधलं. येसाई म्हणाली, "चिमा काय म्हणाली?" "बरी आहे. पोर चालायला लागली." "धाबळीचं विचारलं असेल?" कासारीण खाली बघत म्हणाली, "नाही बाई. यंदा नाही विचारलं."

मग येसाई जी मटकन बसली ती उठेना. विचारत होती तोवर लेक वाट बघत होती. आता तिनं वाट बघणंही सोडलं. बायांनो, आईला याच्यापरतं दुसरं दुःख नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला दारात एक म्हातारी आली. लुगडं विरलेलं, हातपाय लटलट कापताहेत. म्हणाली, "बाई, थंडी वाजते. काहीतरी पांघरायला दे." येसाई उठली. पिवळा खण काढला, तो चारच बोटं. मोजा काढला, त्याला टाच नाही. दुपटं काढलं, त्यानं म्हातारीचा एक खांदाही झाकेना. घरभर लोकर, आणि एका म्हातारीची थंडी भागेना! येसाईला रडू फुटलं. म्हणाली, "आजी, मला माझी लेक हवी गं. तिला पोटाशी धरायची आहे. हे सारं तिच्यासाठीच मांडलं, आणि याच्यामुळंच ती मला दिसेनाशी झाली."

म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "उगी. माया तुझी खरी आहे. पण जी माया पुरी होत नाही, तिची ऊब पोचत नाही. तू सुताईचा वसा घे."

"घेते आजी. पण हा वसा करावा कसा?"

"घर झाडावं, सारवावं. सगळी अपुरी कामं पाटावर मांडावीत, हळदकुंकू वाहावं. जिच्याविना जीव राहत नाही, तिच्यासाठीचं एक काम उचलावं. बाकीची टोपलीत घालून टोपली आढ्याला टांगावी. त्यांच्यात एक टाका वाढवू नये. नवा धागा आणू नये, मागू नये, कुणी दिला तर घेऊ नये. आठवण आली तर उठू नये, त्याच कामावर बसून रडावं."

"आणि उद्यापन?"

"जिच्यासाठी केलं, तिच्या अंगावर घालावं. हेच उद्यापन." असं म्हणून म्हातारी दिसेनाशी झाली. तीच सुताई.

येसाईनं वसा घेतला, धाबळी उचलली. पहिल्यांदा पाटलीणबाईनं रेशीम पाठवलं, आपल्या लेकीच्या लग्नाचा शालू विणून मागितला. येसाईनं हात जोडले, म्हणाली, "आधी धाबळी होऊ दे." मग शेजारीण आली, डाळिंबी लोकर नाकापुढं धरली. "बघ तरी, काय रंग आहे!" येसाईनं डोळे मिटले, म्हणाली, "आधी धाबळी होऊ दे." मग तिसऱ्यांदा निरोप आला, नातीला खोकला झालाय, कानटोपी नाही. आता मात्र तिचा हात टोपलीकडं गेला. आजीच ती, जाणार नाही तर काय? तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ओठ चावले. मग धोटा उचलला, आणि रडत रडत धाबळीच विणली.

हातभर राहिली, आणि मोरपंखी लोकर संपली. आता काय करावं? नवा धागा आणायचा नाही, मागायचा नाही. येसाई आढ्याकडं बघत राहिली. मग तिच्या मनात आलं, सुताई म्हणाली टाका वाढवू नये. उसवू नये असं कुठं म्हणाली? तिनं टोपली खाली घेतली. पिवळा खण उसवला. मोजा उसवला, रुमाल उसवला, कुंची उसवली. टोपडं हातात आलं तेव्हा मात्र तिला हुंदका आवरेना. ज्या डोक्यासाठी ते विणायला घेतलं होतं, ते डोकं आता त्यात मावणारच नव्हतं. तिनं तेही उसवलं. ती सगळी वर्षं धाबळीच्या पदरात आडवी विणली. पदराला गाठी मारल्या. धाबळी पुरी झाली.

नवऱ्यानं तिची घडी काखेत मारली आणि तो मुराळी होऊन निघाला. येसाई वेशीत जाऊन बसली. हातांना काही काम नव्हतं. एक दिवस गेला, कुणी आलं नाही. दुसरा दिवस गेला, कुणी आलं नाही. येईल का ती? का म्हणेल, आता कशाला? तिसऱ्या दिवशी ऊन कलतं झालं आणि घाटाच्या वाटेवर मोरपंखी रंग हलला. येसाई उठून उभी राहिली. चिमा चालत जवळ आली. धाबळीच्या आतून एक चिमुकलं तोंड बाहेर आलं.

येसाई म्हणाली, "बाई गं, यंदा तू विचारलंसुद्धा नाहीस."

चिमा म्हणाली, "विचारलं की तू होत आली म्हणायचीस. मला ते ऐकायची भीती वाटायला लागली होती, आई."

मग सगळी घरी आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. येसाईनं नातीचं उघडं डोकं बघितलं, आणि ती लगबगीनं उठली. "थांब हं बाळा, तुला आत्ता कानटोपी विणायला घेते!"

चिमानं तिचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "आई, आता काही विणू नकोस. नुसती माझ्याजवळ बस."

येसाई बसली. चिमानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ती पोटभर रडली.

सुताई जशी येसाईला पावली, तशी घाटाच्या अलीकडं पलीकडं जे जे कुणी वाट बघत असेल, त्याला पावो. तुमच्याआमच्या टोपलीतलं एक तरी काम पुरं होवो, आणि ज्याच्यासाठी केलं त्याच्या अंगावर पडो. ही नाना धाग्यांची कहाणी एका धाग्यावर आली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.