धुक्याच्या गावचा घरजावई

ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनाही नावे पडली नव्हती. लोक एकाला अलीकडचा म्हणत आणि दुसऱ्याला पलीकडचा. लहानांनो, तुम्ही ऐकाच. आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा टेका. गोष्ट तुमच्यासाठीही आहे.

या दोन डोंगरांच्या मध्ये एक खोल खोरे होते. खोऱ्यात पाणी मुबलक, गवत कमरेएवढे, मेंढरे गुबगुबीत. तिथली माणसे लोकर कातायची आणि घोंगड्या विणायची. सगळे चांगले होते, पण पावसाळा संपला की खोऱ्यात धुके उतरायचे. एकदा उतरले की उठायचे नाव नाही. गारठा असा, की पाण्याच्या हंड्यात हात घालायला धीर होत नसे. दिवसच्या दिवस सूर्य दिसायचा नाही. शेजाऱ्याचे घर नुसत्या खोकल्यावरून ओळखावे लागे.

या गावात निंबाजी नावाचा एक तरुण राहत होता. तो मूळचा डोंगरापलीकडच्या सपाट मुलखातला. तिथे ऊन रग्गड, पाऊस मात्र बेताचा. एकदा तीन वर्षे ओळीने पाऊस पडला नाही. निंबाजीचे शेत करपले, विहीर आटली, आईबाप गेले. तो एकटाच डोंगर ओलांडून खोऱ्यात आला, तेव्हा त्याचे ओठ फुटले होते आणि पायात वहाण नव्हती.

कोंडीबा नावाच्या एका विणकराने त्याला दारात बसवले, भांडेभर पेज दिली आणि विचारले, "काम येतं का काही?"

"शिकवाल ते करीन," निंबाजी म्हणाला.

कोंडीबाने त्याला लोकर पिंजायला शिकवले, मग कातायला, मग मागावर बसायला. दोन वर्षांनी आपली मुलगी सगुणा त्याला दिली आणि घरीच ठेवून घेतले. निंबाजी घरजावई झाला.

पहिली दोन वर्षे त्याला थंडीचे काही वाटले नाही. पोटाला मिळत होते, माणसे मिळाली होती. पण माणसाचे मन मोठे विचित्र असते. पोट भरले, की ते मागे राहिलेल्या गोष्टी आठवू लागते.

तिसऱ्या वर्षी धुके लवकर उतरले आणि चाळीस दिवस हलले नाही. भिंती ओलसर झाल्या. मिठाला पाणी सुटले. धुतलेला सदरा आठवडाभर दमट राहू लागला. निंबाजी सकाळी उठे, दार उघडी, पांढऱ्या भिंतीकडे बघे आणि दार लावून घेई. जेवण कमी झाले. बोलणे तर त्याहून कमी. बोललाच, तर एकच विषय.

"आमच्याकडं सकाळी धुतलेलं धोतर न्याहारीपर्यंत कडक वाळायचं," तो सगुणाला सांगे. "थंडीतसुद्धा दुपारी भिंतीला पाठ टेकली, की भिंत अशी ऊबदार लागायची, जणू आतून कोणी शेकलीय."

सगुणा ऐकून घेई. कोंडीबाही ऐके. पण म्हातारा मुळात अबोल. तो फक्त "हं" म्हणे आणि चुलीत लाकूड सारी.

निंबाजीला वाटे, या गावची माणसेही हवेसारखीच गार आहेत.

एक दिवस मागावर लावायच्या सुतांना त्याने चिंचोक्याची खळ दिली. खळ दिली, की सूत कडक उन्हात वाळवावे लागते, तरच ते ताठ होते. ऊन नव्हते. आठ दिवस सूत पडवीत लटकत राहिले, आणि नवव्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी धरली. महिनाभराची मेहनत कुजली. निंबाजीने ते सगळे सूत ओढून अंगणात फेकले.

"तुमच्या या खोऱ्यात सूत वाळत नाही, लाकूड वाळत नाही, माणसाचं मनसुद्धा वाळत नाही!" तो ओरडला. "कशी राहता इथं तुम्ही? का राहता?"

कोंडीबाने फेकलेले सूत उचलले, त्याची गुंडाळी केली आणि म्हणाला, "हं."

ते "हं" निंबाजीच्या जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा ओढ्यावर गेली असताना त्याने दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि कोणाला न सांगता तो अलीकडच्या डोंगराची वाट चढू लागला.

वाट ओली होती. हातभर पुढचे दिसत नव्हते. तो झाडे चाचपत, दगड धरत चढत राहिला. दोनदा घसरला, गुडघा फुटला. आणि माथ्याच्या थोडे खाली असताना एकाएकी धुके संपले. पाण्यातून डोके वर काढावे तसा तो उन्हात आला.

वर निळे आभाळ होते. कातळ पिवळ्याधमक उन्हात न्हात होता. निंबाजीने आधी हात उन्हात धरले, मग तोंड वर केले, मग सरळ कातळावर आडवा झाला. त्याला रडू आले. कितीतरी वेळ तो तसाच पडून राहिला. हाडापर्यंत ऊब पोहोचली, तेव्हा त्याला वाटले, आता मागे फिरायचे नाही. पलीकडे उतरले की आपला मुलूख.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूने कोणीतरी वर येताना दिसले. एक म्हातारी होती. डोईवर गाठोडे, हातात शेळीची दोरी. शेळीच्या बरगड्या मोजता येत होत्या. म्हातारी निंबाजीजवळ येऊन धापा टाकत बसली.

"कुठून आलात आई?" त्याने विचारले.

तिने गावाचे नाव सांगितले. ते त्याच्या गावाच्या शेजारचेच होते.

"मी तिकडंच निघालोय," निंबाजी हरखून म्हणाला. "कसं आहे तिकडं?"

"ऊन आहे," म्हातारी म्हणाली. "दुसरं काही नाही. औंदाही पाऊस फिरकला नाही. गावात मी आणि ही शेळी, दोघीच उरलो होतो. मग म्हटलं, चला." तिने धुक्याने भरलेल्या खोऱ्याकडे पाहिले. "खाली पाणी आहे का रे लेकरा?"

"पाणी?" निंबाजीला हसू आले. "पाणीच पाणी आहे. भिंतीतूनसुद्धा पाझरतं."

"आणि माणसं कशी आहेत?"

'गार आहेत' असे शब्द त्याच्या ओठांवर आले. पण ते बाहेर पडेनात. तो स्वतः असाच फुटक्या ओठांनी आला होता, तेव्हा दारात बसवून पेज कोणी दिली होती, ते त्याला आठवले. त्या दिवशी कोंडीबाने त्याला गाव विचारले नव्हते की जात विचारली नव्हती.

तो उत्तर शोधत होता, इतक्यात खालून, त्या पांढऱ्या धुक्याच्या तळातून, एक आवाज आला. ठण्, ठण्, ठण्.

"हे काय वाजतंय?" म्हातारीने विचारले.

"थाळी," निंबाजी म्हणाला. "धुक्यात कोणी हरवलं, की गावकरी डोंगराच्या पायथ्याशी थाळी वाजवतात. आवाजाच्या रोखानं चालत आलं, की माणूस घरी पोहोचतो."

"असं होय. मग आज कोण हरवलंय?"

 थाळी वाजतच होती. निंबाजी हळूच म्हणाला, "मी."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिले, मग गुडघ्यांवर हात ठेवून ती उठली. "मग बसलास काय? चल. मलाही वाट दाखव."

तिघे उतरू लागले: निंबाजी, म्हातारी आणि शेळी. पुन्हा तेच धुके, तीच निसरडी वाट. पाच पावलांवर काही दिसेना, पण आवाज मात्र स्पष्ट येत होता. मधेच तो मंद होई, थांबल्यासारखा वाटे. निंबाजी पाय रोवून थांबे. मग पुन्हा ठण् होई, आणि तो पुढचे पाऊल टाकी.

दिवस कलता कलता ते पायथ्याला पोहोचले. तिथे एका दगडावर कोंडीबा उभा होता. दुपारपासून त्याने थाळी दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नव्हती. त्याची घोंगडी भिजून जड झाली होती, दात वाजत होते, तळहाताला फोड आले होते. जावयाला पाहून त्याने हात खाली केला.

निंबाजी मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटले, आता शिव्या बसणार.

"ऊन मिळालं का?" कोंडीबाने विचारले.

"मिळालं, मामा."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. "दोन दिवस राहायचंस की मग."

आणि तो खाली बसला. त्याला उभे राहवेना. निंबाजीने त्याला उचलून घरी आणले.

सगुणाने म्हातारीला चुलीपाशी बसवले, गरम पेज दिली, शेळीला गवत टाकले. नवऱ्याला ती एवढेच म्हणाली, "सांगून गेला असतात, तर भाकऱ्या जास्त बांधून दिल्या असत्या." त्यानंतर तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ते तीन दिवस निंबाजीला चाळीस दिवसांच्या धुक्याहून मोठे वाटले.

कोंडीबाला ताप भरला. निंबाजी त्याच्या उशाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने उठून आपली घोंगडी खांद्यावर घेतली आणि दचकला. घोंगडी ओलसर, गार होती. आजवर असे कधी झाले नव्हते. सगळ्या घरात दमट असे, पण त्याची घोंगडी रोज सकाळी कोरडी आणि कोमट असायची. ती तशी का असते, हे त्याने कधी स्वतःला विचारलेही नव्हते.

चौथ्या दिवशी सगुणा बोलू लागली, तेव्हा त्याने तिला विचारले.

"आबा उठायचे," ती म्हणाली. "कोंबडं आरवायच्या आधी. तुमची घोंगडी चुलीवर धरून शेकायचे आणि परत तुमच्या अंगावर टाकायचे. रोज. म्हणायचे, उन्हातलं पोर आहे, त्याला ओल सोसत नाही."

"आणि त्यांची स्वतःची?"

"चुलीवर एकाच घोंगडीला जागा होते," सगुणा म्हणाली. "तुम्ही गेलात त्या दिवशी मीच म्हटलं होतं, थाळी कशाला वाजवता, ते हरवले नाहीत, निघून गेलेत. तर म्हणाले, गेला असेल तर सुखानं जाऊ दे. पण वाटेत मन फिरलं, तर त्याला वाट कळायला नको का?"

 निंबाजी उठला, कोंडीबाच्या अंगावरची ओलसर घोंगडी काढली, आपला सदरा त्याच्यावर घातला आणि घोंगडी चुलीवर धरून बसला. धूर डोळ्यांत जात होता, म्हणून पाणी येत होते, असे त्याने सगुणाला सांगितले. तिने ते खरे मानून घेतले.

आठ दिवसांनी ताप उतरला, पण कोंडीबाच्या अंगातली थंडी जाईना. तेव्हा निंबाजीने सासऱ्याला पाठीवर घेतले आणि तो डोंगर चढला. सगुणा आणि म्हातारी मागून आल्या. माथ्यावर उन्हात त्याला बसवले. गुडघे धरल्यापासून, म्हणजे बारा वर्षांत, कोंडीबाने धुक्याच्या दिवसांत ऊन पाहिले नव्हते. त्याने डोळे मिटले. 

"तुझं ऊन चांगलं आहे," शेवटी तो म्हणाला.

निंबाजीने त्याच्या फोड आलेल्या तळहातांवर आपले हात ठेवले. "मामा, तुमचं धुकंही चांगलं आहे. मला त्यातली माणसंच दिसली नव्हती."

"हं," कोंडीबा म्हणाला.

या वेळी निंबाजीला ते "हं" नीट ऐकू आले.

त्या हिवाळ्यात निंबाजीने पहार घेतली आणि डोंगराच्या वाटेला पायऱ्या खोदायला सुरुवात केली. आधी एकटाच होता, मग एकेक करून गाव आले. पुढच्या वर्षी धुके उतरले, तेव्हा गावातली म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि तान्ही मुले पाळीपाळीने उन्हाला जाऊ लागली. खळ दिलेले सूतही माथ्यावर वाळू लागले. कोरड्या मुलखातून जो कोणी डोंगर ओलांडून येई, त्याला या घरात पेज मिळे आणि कोरडी घोंगडी मिळे. त्या म्हातारीला तर तिथेच घर मिळाले. तिची शेळी व्यायली, आणि पहिले दूध तिने कोंडीबाला दिले.

निंबाजीची उन्हाची ओढ गेली का? नाही गेली. दर हिवाळ्यात त्याचे मन उदास होई. मग तो सगुणाला सांगून, चार भाकऱ्या बांधून वर जाई, दिवसभर उन्हात बसे आणि संध्याकाळी घरी येई. आणि पहाटे, कोंबडे आरवायच्या आधी, तो उठून सासऱ्याची घोंगडी शेकत असे. कोंडीबा पुष्कळ वर्षे जगला, आणि त्या वर्षांत त्याने एकदाही ओली घोंगडी पांघरली नाही.

तात्पर्य: दूरच्या उन्हाची ओढ खुशाल असावी, पण आपल्याला जवळची ऊब रोज कोण देते, हे कधी विसरू नये.